बोडका भुंगेरा आणि पंचविसावा कप्पा

१४ सप्टेंबर २०५३. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माणदेशातल्या चिंचणे गावाच्या माळावर मोजणी यंत्राने पंचविसावी प्रजाती नोंदवली. अहवाल दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता, आणि प्रजाती किमान पंचवीस हव्या होत्या.

नोंद जाहीर होताच हवेत पिवळी धूळ उडाली. नामदेव लेंगरे या सत्तरीच्या मेंढपाळाने कमरेच्या पिशवीतून भंडारा, म्हणजे बिरोबाची हळद, काढून मूठभर उधळला होता.

"माझ्या डाव्या भिंगावर हळद पडली आहे," यंत्र म्हणाले. "कृपया पुसावी."

"ऱ्हाऊ दे की टोचू. शोभतंय तुला," काशी म्हणाली.

काशी ही नामदेव लेंगरे यांची नात, वय बारा; ती त्यांना आबा म्हणे. यंत्राचे सरकारी नाव 'कीटकगणक चार' असे होते. ते दिवसभर किडे टाचणीला टोचत असे, म्हणून काशीने त्याला टोचू केले होते. त्याच्यासोबत डॉ. निलोफर मुजावर आल्या होत्या. त्या कीटकशास्त्रज्ञ. गेले दहा आठवडे दोघांचा मुक्काम माळावरच होता.

मोजणीचे कारण साधे होते. माळरान नोंदणी मंडळाचा नियम असा, की ज्या माळावर शेणावर जगणाऱ्या भुंगेऱ्यांच्या पंचवीस प्रजाती सापडतील, तो 'जिवंत माळ'. तो चराईला खुला राहणार. त्यापेक्षा कमी भरल्या तर तो 'रिकामी जमीन', आणि त्यावर कुंपण घालून सौरपट्ट्या बसणार. लेंगऱ्यांची तीनशे चाळीस मेंढरे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत याच माळावर जगतात. त्या काळात त्यांना दुसरी जागा नाही.

"पण भुंगेरेच का मोजायचे?" हे काशीने पहिल्याच दिवशी विचारले होते. मुजावर मॅडमनी उत्तर दिले नव्हते. त्यांनी बैलाच्या शेणाचा ताजा पो दाखवला आणि दोन दिवसांनी यायला सांगितले. दोन दिवसांनी तिथे नुसता भुगा उरला होता आणि जमिनीला बोटभर रुंदीची भोके पडली होती.

"शेण गेलं कुठं?" काशीने विचारले.

"खाली," मॅडम म्हणाल्या. "काही भुंगेरे शेणातच राहतात. काही थेट खाली बोगदा खणून शेण आत नेतात. आणि काही शेणाचा गोळा वळून तो लोटत दूर नेऊन पुरतात. तिघांची कामं वेगळी, म्हणून तिघंही एकाच शेणावर पोट भरतात. खत मुळांपाशी पोचतं, भोकांतून पाणी मुरतं, आणि माश्यांच्या अळ्यांना शेण उरत नाही. जितक्या प्रजाती जास्त, तितकं काम पक्कं. एखादीला दुष्काळ सोसला नाही, तर दुसरी काम चालू ठेवते."

हे झाले जुलैत. आता काशी टोचूच्या पेटीवर वाकली होती. पेटीत पंचवीस कप्पे होते, प्रत्येकात एका प्रजातीचे किडे, प्रत्येक किड्याखाली चिठ्ठी: कुठे सापडला, कधी, कोणाच्या शेणात. ती एकेक कप्पा बघत गेली आणि शेवटच्या कप्प्यापाशी थांबली.

"टोचू, हा कोण?"

"पंचविसावी प्रजाती. नर. लांबी सहा मिलिमीटर. डोक्यावर शिंग नाही."

"आणि नवव्या कप्प्यातला?"

"नर. लांबी नऊ मिलिमीटर. डोक्यावर दोन वाकडी शिंगे. नराची तुलना नराशीच केली आहे. दोन नर, दोन रूपे. म्हणून दोन प्रजाती."

काशी उठून पालापाशी, म्हणजे त्यांच्या राहुटीपाशी, गेली. पालामागे तेलाचा एक रिकामा डबा होता. त्यात माती, वर जाळी, आणि बाहेर खडूने लिहिलेले: '२१ जुलै. एक शिंगवाला, एक मादी.' तिने ती जोडी खेळ म्हणून पाळली होती. मादीने मातीखाली शेणाच्या गोळ्या केल्या होत्या, प्रत्येक गोळीत एक अंडे. ऑगस्टच्या शेवटी नऊ भुंगेरे बाहेर आले. त्यातल्या काहींना शिंगे होती. काही बोडके होते. तेव्हा तिला त्यात नवल वाटले नव्हते. लेंगऱ्यांच्या कळपातही एकाच मेंढीच्या पोटचे दोन नर होते, एक शिंगवाला आणि एक बोडका.

डब्याबद्दल दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते. साडेनऊ वाजले होते. आबा चहाचे भांडे चुलीवर ठेवत होते आणि मोठ्याने गाणे म्हणत होते.

काशी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"आबा, सांजच्याला मेंढरं मोजताना चुकलास, तर तू परत पैल्यापासनं का मोजतोस? एखादं जास्त भरलं तर बिघडलं कुठं?"

"येडी का खुळी तू?" आबा म्हणाले. "एक मेंढरू दोनदा मोजलं, तर जे लांडग्यानं नेलं ते कळंल व्हय? आकडा पुरा, आन् मेंढरू मात्र न्हाई. मग हुडकायला कोण जाणार?"

काशीने पालामागचा डबा उचलला आणि मॅडमसमोर नेऊन ठेवला.

"मॅडम, टोचूनं एक मेंढरू दोनदा मोजलंय."

मॅडमनी डब्यावरचा खडू वाचला. भिंग काढले. नऊ भुंगेरे एकेक करून पालथे घालून तपासले. तीन माद्या. चार शिंगवाले नर. दोन बोडके, आणि तेही नरच. बोडके कप्पा पंचवीसमधल्या किड्यासारखे हुबेहूब होते.

"टोचू, प्रजाती म्हणजे काय?" त्यांनी विचारले.

"ज्यांची आपसांत पिल्ले होतात आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात, असा सजीवांचा गट."

"आणि तू काय मोजलंस?"

"रूप," यंत्र म्हणाले. "मी रूप मोजले."

मॅडमनी काशीला समजावले. किड्याचे नाव गावाच्या पत्त्यासारखे लावतात. आधी गण (मोठा समूह, पुढचे पंख ढालीसारखे टणक असलेले सगळे भुंगेरे एका गणात), त्यात कुल (जवळच्या नातलगांचा गट), त्यात वंश (त्याहून जवळचे), आणि शेवटी प्रजाती. वरच्या पायऱ्या रूपावरून बऱ्याचदा कळतात. शेवटची पायरी फसवी असते.

"या भुंगेऱ्यात आईनं शेणाची गोळी मोठी केली, तर आतली अळी भरपूर खाते, नर मोठा होतो आणि त्याला शिंगं येतात. गोळी लहान असेल तर नर लहान आणि बोडका. शिंगवाला बोगद्याच्या तोंडाशी पहारा देतो. बोडका बाजूनं दुसरा बोगदा खणून आतल्या मादीपाशी पोचतो."

"मागल्या दारानं!" आबा मागून म्हणाले. "शिंगं न्हाईत, पर डोस्कं हाय." मग त्यांचे हसणे थांबले. "म्हंजे आता किती झालं?"

"चोवीस," मॅडम म्हणाल्या.

आबांनी पेटीकडे पाहिले, मग माळाकडे. मेंढरे ओढ्याच्या बाजूला पांगली होती.

"आबा, मी गप बसले असते तर..." काशीचा आवाज बारीक झाला होता.

"तर मी तुला चहा दिला नसता," आबा म्हणाले. त्यांनी पिशवीत उरलेली हळद काढली आणि तिच्या कपाळाला लावली. "डाक्टरबाई, लिवा चोवीस. आन् कुणी मोजलं त्येबी लिवा. काशी बिरू लेंगरे. ठळक लिवा."

पण मॅडम लिहीत नव्हत्या. "टोचू, तू रूपावरून एकाचे दोन केलेस. मग दोनाचा एकही केला असशील. सगळे कप्पे पुन्हा बघ. या वेळी चिठ्ठ्या वाच."

काशी आणि टोचू सोबत बसले. पावणेअकराला ते चौथ्या कप्प्यावर पोचले. त्यात नऊ काळे भुंगेरे होते, सगळे सारखे. चिठ्ठ्या मात्र सारख्या नव्हत्या. सहा बैलाच्या शेणात सापडलेले, तीन मेंढीच्या लेंड्यांपाशी.

"ह्ये तीन मला म्हाईत हायेत," काशी म्हणाली. "ते गोळा वळत न्हाईत. आख्खी लेंडी ओढत नेत्यात. त्ये सहा शेण कापून गोळा वळत्यात. लेंडीला शिवतबी न्हाईत."

"काशीताई, तुमच्याकडे किती दिवसांचे निरीक्षण आहे?" टोचूने विचारले.

"चालता यायला लागल्यापास्नं."

टोचूने ते तसेच नोंदवले.

मॅडमनी घाई केली नाही. एकाच प्रजातीच्या दोन सवयी असू शकतात, किंवा दोन प्रजाती एकाच रूपाच्या असू शकतात. नुसत्या डोळ्यांनी हे ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक किड्याच्या पायातून जनुके (आईबापाकडून आलेल्या गुणांची रासायनिक लिपी) वाचावी लागतात. अकरा बावन्नला अहवाल गेला. त्यात आकडा चोवीस होता. खाली टीप होती: 'कप्पा चार संशयित. नऊ पाय तपासणीसाठी रवाना.' मोजणी दुरुस्त करणारीचे नाव ठळक अक्षरांत होते.

त्याच दुपारी काशीने दुसरा डबा भरला. लेंडी ओढणारी एक जोडी तिने जिवंत पकडून त्यात सोडली. तिची पिल्लेही लेंडीच ओढतात का, हे तिला बघायचे होते. बाहेर तारीख लिहिली, आणि या वेळी शेणाचा प्रकारही.

मंडळाने निर्णय निकाल येईपर्यंत थांबवला आहे. कप्पा चारमध्ये दोन प्रजाती निघाल्या, तर आकडा पंचवीस होईल. दुसऱ्या पाच माळांवरच्या पेट्या परत उघडून शिंगवाले आणि बोडके पुन्हा मोजायचे आदेशही दिले आहेत. त्या आदेशात तेलाच्या डब्यात भुंगेरे वाढवण्याची कृती पूर्ण छापली आहे. ती टोचूने लिहिली. मजकूर काशीने तपासला आणि दोन चुका काढल्या.

आज २२ ऑक्टोबर. नऊ पाय पुण्याच्या प्रयोगशाळेत आहेत, निकाल आलेला नाही. लेंगऱ्यांचा कळप दिवाळीनंतर कोकणाकडे निघेल. काशीचा दुसरा डबा घोड्याच्या पाठीवर कुठे बांधायचा, हे आबांनी ठरवून ठेवले आहे.

आज सकाळी साडेसहाला डब्यातली माती एका जागी किंचित उचललेली दिसली. अजून कोणी बाहेर आलेले नाही.