चोखणं, गिळणं, श्वास

मेधा गेली हे मला मंगळवारी सकाळी डेअरीला दूध घालायच्या रांगेत कळलं. तिच्या हॉस्पिटलमधून फोन आला. ड्युटी संपवून घरी येताना पिरंगुटच्या घाटात तिच्या स्कूटरला टेंपोनं धडक दिली होती. फोनवरची बाई ‘आधी खाली बसा’ म्हणाली, तेव्हाच मला समजलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

ती मला भेटली तीही त्याच हॉस्पिटलात, चार वर्षांपूर्वी. माझी धाकटी बहीण दिशा सातव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगी जेमतेम दीड किलोची, काचेच्या पेटीत, नाकातून दुधाची नळी घातलेली. दाजी कंपनीत कामाला, म्हणून भरे गावाहून मी येऊन दिवसभर बसायचो. डॉक्टर म्हणाले होते, बाळ अंगावर नीट प्यायला लागलं की घरी न्या. मी रोज तिथल्या नर्सला एकच विचारायचो, आज वजन किती भरलं?

“नुसत्या वजनावर नसतं ते, मामा,” ती एकदा वैतागून म्हणाली. ती मेधा. परभणीची, बोलायला सरळ. मला हात धुवायला लावून तिनं पेटीजवळ उभं केलं. बाळ दुधाच्या वेळेआधी आपणहून जागं होतं का, हात तोंडाकडे नेतं का, गालाला बोट लागलं की मान वळवतं का, हे बघत राहा म्हणाली. आणि मुख्य म्हणजे चोखणं, गिळणं आणि श्वास, ही तिन्ही कामं त्याला पाळीपाळीनं जमली पाहिजेत.

“आमी वासराच्या तोंडात बोट घालून बघतो,” मी म्हणालो.

“मग मला कशाला विचारता? वासरालाच विचारा.”

मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते... ते हसत होते. दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

चूक त्याच आठवड्यात झाली, आणि ती माझी होती. मेधानं हातमोजा घालून बाळाच्या तोंडात बोट दिलं. बाळानं ते ओढून धरलं. मला वाटलं, झालं काम. वासरू बोट ओढायला लागलं की आम्ही त्याला गाईखाली सोडतो. मेधा जेवायला गेल्यावर मीच दिशाला म्हणालो, घे, लाव छातीला. तिला दूध भरून आलं होतं. बाळाला ठसका लागला, श्वास अडकला, ओठ निळे पडले. मशीन वाजायला लागलं. मेधा पळत आली. पाठ चोळून चोळून तिनं बाळाचा श्वास परत आणला.

“चोखता आलं म्हणजे पिता आलं असं नाही,” एवढंच ती मला म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दिशा बाळाला हात लावायलाही घाबरायला लागली. त्यात तिला ताप भरला. मी तीन दिवस जिन्यातच बसून होतो. चौथ्या दिवशी मेधा तिथं आली. बाळाला कुणाच्या तरी छातीची ऊब पाहिजे, म्हणाली. शर्टाची बटणं काढा.

“मी?”

“नाहीतर काय, भऱ्याहून गाय मागवू?”

बाळ माझ्या छातीवर ठेवलं. एवढंसं काळीज, नुसतं धडधडत होतं. मेधानं वरून चादर नीट केली... तिचा हात माझ्या खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

“श्वास घ्या, मामा,” ती हळूच म्हणाली. “तुम्हीच विसरलात.”

दिशाचा ताप उतरल्यावर आठवड्यानं मेधानं पुन्हा प्रयत्न केला. आधी दिशाला दूध काढून ठेवायला लावलं, म्हणजे बाळाच्या तोंडात ते एकदम येणार नाही. मी पडद्याबाहेर उभा. आतून मेधाचा आवाज येत होता – “चोखलं... थांबली... श्वास घेतला.” ‘गिळलं’ काही ऐकू येईना. मशीन वाजतंय का, तेवढंच मी ऐकत राहिलो.

“गिळलं,” मेधा म्हणाली. “परत गिळलं. आपली आपण थांबतेय, शहाणी आहे.”

आत दिशा रडायला लागली. बाहेर मी.

दोन आठवड्यांनी नळी निघाली. घरी न्यायच्या दिवशी मेधा कागद भरत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

“बाळ चाललं घरी. आता मी हितं कशाला येऊ?”

“नका येऊ.”

“तुमच्यासाठी आलो तर चालंल का?”

ती लिहीतच राहिली. कान मात्र लाल झाले होते...

“दुपारी या, विश्राम,” ती म्हणाली. “सकाळी मला काम असतं.”

मी रोज दुपारी गेलो. वर्षाच्या आत आमचं लग्न झालं.

दिशाची मुलगी आता चार वर्षांची आहे. रविवारी ती आमच्याकडे येते, चपला न काढता स्वयंपाकघरात बघून येते आणि मला विचारते, मामीची ड्युटी कधी संपणार. दिशा माझ्याकडे बघते, मी दिशाकडे. तिला सांगायचं अजून राहिलं आहे.