काळ्या मनुकांचा प्याला

या, असे जवळ येऊन बसा... मागच्यांनो, तुम्हीसुद्धा! पेटीचा भाता मिटलाय, टाळ चटईवर ठेवलेत. आता गाणं नाही, गोष्ट आहे. नाचणगावच्या पद्मावहिनींची. तुम्हांला शब्द देऊन ठेवतो, ही गोष्ट ऐकून रिकाम्या हातानं कोणी घरी जाणार नाही!

पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची, दुपार होती. उन्हानं अंगण तापून निघालं होतं. मागच्या खोलीत पद्मा तांदूळ निवडत बसली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरातून एक वास आला आणि तिचा हात सुपातच थांबला...

मनुका! काळ्या मनुका बुडाला लागल्या होत्या!

तो वास तिच्याइतका कोण ओळखणार? सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी. त्यामुळे त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या, प्याल्यात द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचाच रस असायचा, घरी उकळलेला, स्वच्छ कापडातून गाळलेला. एके काळी ही सेवा पद्माची होती. रात्रभर मनुका भिजवायच्या, पहाटे डोकं धुऊन मंद आचेवर ठेवायच्या, ढवळताना ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणायची... ती सेवा काढून घेतली त्याला दहा वर्षं उलटून गेली होती. मग जिजाबाई करू लागल्या. यंदा जिजाबाई ओट्यावरून घसरल्या, हाताला प्लॅस्टर लागलं, आणि काम आलं पद्माच्या धाकट्या जावेकडे, वेदश्रीकडे.

वेदश्री दारात आली. चेहरा घामानं आणि काळजीनं ओला.

"जाऊबाई, तो रस कसा करतात तेवढं सांगा." मग क्षणभर थांबून, खाली बघत म्हणाली, "उंबऱ्यातूनच सांगा. हात मात्र लावू नका हं... उद्या कोणी नावं ठेवायला नको."

पद्मानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले आणि ती उंबऱ्याशी उभी राहिली.

"गॅस बारीक कर, बाई. बुडाचं खरवडू नको. वरचं वरचं दुसऱ्या भांड्यात काढ."

"करपट लागेल का हो?"

"लागन थोडंसं. पण फेकू नको. आता दुसऱ्या भिजवाले वेळ नाई."

देखरेखीला आलेल्या जिजाबाई प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन पाटावर बसल्या होत्या. त्यांची जीभ मात्र शाबूत होती!

"घ्या! शिकवून राह्यली बाप्पा! अवं पद्मे, एवढी वर्षं झाली, 'चुकलं माह्यं' एवढा एक बोल नाई निघाला तुह्या तोंडातून. बाटल्या ठेवाले लाज नाई वाटली, माफी मागाले वाटते!"

पद्मानं नजर भांड्यावरून हलवली नाही. पण ओसरीवर चिपळ्यांचा ठेका चालू होता, तो मात्र चुकला... थांबला... आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा लयीत नव्हता.

चिपळ्या निशांतच्या हातात होत्या. निशांत म्हणजे पद्माचा दीर, वेदश्रीचा नवरा. दीर कसला, लेकरूच! सासू-सासरे लवकर गेले, तेव्हा तो हाफ पँटमध्ये होता. पद्माचा नवरा कीर्तनकार होता. त्याच्या आवाजानं ऐन उन्हाळ्यात अंगावर शहारे यायचे म्हणे. तो तापानं गेला तेव्हा शेवटचे शब्द बोलला, "निशांतले सांभाळजो, पद्मा." आणि तिनं सांभाळलं! स्वतःची कूस रिकामी राहिली, पण त्या पोराच्या ताटात कधी काही कमी पडू दिलं नाही.

मग निशांतला मास्तरकीची ऑर्डर आली. घरात आनंद मावेना! मित्रांनी पार्टीसाठी गळ घातली आणि हा वेडा पूल ओलांडून गेला. नदीच्या अलीकडे बंदी आणि पलीकडच्या काठावर उघडं दुकान! पिशवीभर बाटल्या आणल्या आणि लपवल्या कुठे? जिथं कोणी हात घालणार नाही तिथं... पवित्र प्याल्याच्या मनुकांच्या डब्यामागं!

एक मित्र पुलावर पकडला गेला, त्यानं घराचा पत्ता सांगितला. दिवे लागायच्या वेळी पोलीस दारात. फळीवरून डबा खाली आला, मागून बाटल्या आल्या.

"कोणाच्या आहेत ह्या?"

पद्मानं निशांतकडे पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते, डोळे जमिनीत रुतले होते. पहिल्याच नोकरीआधी ही केस झाली, तर पोराचं आयुष्य संपलं! तिच्या कानात नवऱ्याचा तो क्षीण आवाज घुमला...

"माह्या आहेत," ती म्हणाली. "मीच इकतो."

आणि निशांत... निशांत गप्प राहिला!

कोर्टानं तंबी देऊन सोडलं, पण मंडळीनं कसं सोडावं? ज्या हातांनी प्रभूचा प्याला भरायचा, त्याच हातांनी दारू विकली! तिला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर करण्यात आलं. तेव्हापासून ती शेवटच्या बाकावर बसे. भाकरीचं ताट आलं की न घेता पुढं सरकवी. निशांतनं दारूला पुन्हा शिवलं नाही. तो मास्तर झाला, भावाच्या चिपळ्या हाती घेऊन कीर्तनकार झाला. वेदश्री लग्न होऊन आली, तिला लोकांनी जे सांगितलं तेच तिनं खरं मानलं. बिचारीचा काय दोष?

त्या गुरुवारी संध्याकाळी देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, फाटकाशी पाळकसाहेबांनी पद्माला थांबवलं. मंडळीचे धर्मगुरू, भला माणूस. त्यांची बदली झाली होती. ईस्टर झाला की ते गाव सोडणार होते.

"पद्माबाई, तुम्हांला मेजाबाहेर ठेवून जायचं माझ्या जिवावर आलंय हो. उद्या नवीन पाळक येतील, ते तुम्हांला ओळखत नाहीत. एकच वाक्य बोला. 'मी दारू विकली, मला पश्चात्ताप झाला आहे.' मी आजच तुम्हांला प्याला देतो."

किती सोपं होतं! एक वाक्य, आणि तो प्याला ओठांशी... पण जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप देवासमोर कसा करायचा? पोलिसांशी खोटं बोलली, ते तिला रोज टोचत होतं. ते कबूल करायला ती आसुसलेली होती. पण ते कबूल केलं, की निशांत उघडा पडणार! एकीकडे देवाचं मेज, दुसरीकडे नवऱ्याला दिलेला शब्द... आणि मधे ती, पिळून निघणाऱ्या कापडासारखी.

"मले नाई बोलता येत, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही सुखानं जा."

पाळकसाहेबांनी सुस्कारा सोडला. ती आत जाऊन शेवटच्या बाकावर बसली.

देऊळ भरलं होतं. मेजावर पांढरं कापड, भाकरीचं ताट, रसाचा तांब्या. तांब्याजवळ वेदश्री उभी. निशांत उभा राहिला, चिपळ्या वाजल्या आणि सगळे सावरून बसले. त्या रात्रीचं आख्यान होतं बरब्ब्याचं. तोच तो अपराधी, ज्याला रोमन सुभेदार पिलातानं सोडून दिलं आणि ज्याच्या जागी निष्पाप येशू वधस्तंभावर गेला.

काय गायला तो त्या संध्याकाळी! पिलाताचा ओटा डोळ्यांपुढं उभा केला, लोकांचा आरडाओरडा कानात घुमवला. आणि मग पद आलं, त्याचं स्वतःचं, नवं रचलेलं:

*बरब्बा सुटला, बेडी तुटली हो,*
*कोणाच्या हाती ती जाऊनि जडली हो...*

लोक डोलू लागले. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. निशांतनं तीच ओळ पुन्हा घेतली... पुन्हा घेतली... तिसऱ्यांदा "कोणाच्या हाती" म्हणता म्हणता त्याची नजर शेवटच्या बाकावर गेली, पद्माच्या मांडीवर गुंडाळून ठेवलेल्या त्या दोन हातांवर, ज्यांना आज दुपारी उंबऱ्याच्या आत यायला मनाई झाली होती...

सूर तुटला. चिपळ्या थांबल्या. नुसते पंखे घरघरत राहिले.

पद्माला क्षणात कळलं. ती ताडकन उठली, मान जोरजोरानं हलवू लागली.

"निशांत! गा ना रे पुढं! काऊन थांबला?"

"नाई गाता येत, वहिनी." कीर्तनाची भाषा गळून पडली होती, घरातलं लेकरू बोलत होतं. "मंडळी, बरब्ब्याचं काय सांगू मी तुमाले? बरब्बा हा उभा आहे. त्या बाटल्या माह्या होत्या! मीच आणल्या, मीच लपवल्या. पोलिसानं इचारलं आन हे माउली बोलली 'माह्या आहेत'... आन मी गप्प बसलो! पिण्याचं पाप लहान होतं हो, ते गप्प बसणं मोठं होतं. रोज होऊन राह्यलं होतं ते!"

"खोटं बोलून राह्यला तो!" पद्मा ओरडली, अजूनही त्याला पंखाखाली घेत. "साहेब, ऐकू नका त्याचं! त्याची नोकरी..."

"वहिनी, आता नका झाकू!" त्यानं हात जोडले. गालांवरून धारा वाहत होत्या. "तुमी झाकलं, तं पोलिसाले दिसलं नाई. पण देवाले दिसून राह्यलं होतं. मले दिसून राह्यलं होतं. चिपळी हातात घेतली का तुमचा तो बाक दिसे. दुसऱ्याइले मुक्ती सांगतली मी, आन माह्या पायातली बेडी तशीच! उद्या शाळेत हेडमास्तरले मी सोता सांगतो. काय व्हायचं ते होऊ द्या... पण मले सोडा, वहिनी. मले आता सोडा!"

'मले सोडा...' ते शब्द पद्माच्या काळजात बाणासारखे शिरले, आणि त्यांच्यामागून एक विलक्षण उजेड शिरला. एवढी वर्षं तिला वाटत होतं, आपण ह्याला वाचवलं. पण तो तर पोलीस आले त्या संध्याकाळच्या दारातच उभा होता अजून... आणि दार तिनंच बाहेरून लावून घेतलं होतं, मायेनं!

पाळकसाहेब हळूहळू चालत शेवटच्या बाकाशी आले.

"पद्माबाई... खरं काय ते सांगा."

पद्मानं पुढच्या बाकाची पाठ धरली.

"मी पोलिसाशी खोटं बोलली, साहेब. देवासमोर तुमच्याशीही खोटी राह्यली. मले वाटे, मी त्याचं पाप उचललं. बदनामी उचलता आली मले, केस उचलता आली, हा बाक उचलता आला... पाप काई केल्या उचललं नाई गेलं. ते त्याच्याच छातीवर राह्यलं." तिनं मेजाकडं पाहिलं, त्या पांढऱ्या कापडाकडं. "ते उचलणारा एकच आहे. त्याची जागा मी घ्याले गेलती, साहेब. मले माफ करा म्हणा त्याले!"

पाळकसाहेबांनी सगळ्यांदेखत त्या विधवेपुढं हात जोडले. "माफी मंडळीनं मागायची आहे, बाई. आम्ही ताट पुढं सरकलेलं पाहत राहिलो. एकदाही शेजारी बसून विचारलं नाही."

निशांत चिपळ्या खाली ठेवून मागं आला आणि वहिनीच्या पायांशी फरशीवर बसला. "साहेब, आता मी इथं बसतो. मेज माह्यासाठी बंद करा."

"बंद?" पाळकसाहेब म्हणाले. "मेजाबाहेर ठेवायची शिस्त अंधारात लपलेल्यासाठी असते, बाळा. उजेडात आलेल्यासाठीच तर हे मेज मांडलंय. शाळेत जे सोसावं लागेल ते सोस, मी येईन सोबत. पण आज आधी जेव."

तोवर मेजाजवळून तांब्या घेऊन कोणीतरी रांगेमधून येत होतं. वेदश्री! चेहरा असा पांढरा, जणू रक्तच आटलं होतं. ती पद्मासमोर येऊन उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली. आजवर 'जाऊबाई' म्हणणारी ती, 'ताई' म्हणाली! आणि तांब्या पुढं केला. "ताई... हात लावा."

पद्मा त्या तांब्याकडे बघतच राहिली. मग पाठीशी नेण्याची सवय लागलेले ते दोन हात हळूच पुढं आले आणि तांब्याला टेकले, वेदश्रीच्या हातांवरच टेकले.

"अवं, धर ना नीट!" जिजाबाई रडता रडताच ओरडल्या. "माह्या हातासारखी गत करतीस का तांब्याची?" आणि रडणारं ते देऊळ एकदम हसलं, आणि हसता हसता पुन्हा रडलं!

पाळकसाहेबांनी मेजावरचा प्याला नि भाकरीचं ताट तिथंच आणलं. पद्मानं प्याला भरला. भाकरीचा तुकडा घेतला, मोडला, अर्धा आधी निशांतला दिला. मग तो प्याला, इतक्या वर्षांनी, तिच्या ओठांना लागला...

रस करपट होता. जरासा नव्हे, चांगलाच करपट! त्या संध्याकाळी ज्यांनी ज्यांनी तो घेतला, ते सगळे हे सांगतात. आणि सगळे हेही सांगतात, की तो गिळताना एकाच्याही तोंडून ब्र निघाला नाही; सगळे नुसते थक्क होऊन बसून राहिले, जणू त्या छोट्याशा देवळात कोणीतरी आलं होतं आणि अजून गेलं नव्हतं.

निशांतनं शाळेत सांगितलं, नोकरी वाचली. काही काळ गावात तोंडावर बोलणारे बोलले, त्यानं खाली मान घालून ऐकलं. तो अजूनही बरब्ब्याचं आख्यान गातो. पण आता ती ओळ अर्ध्यात तुटत नाही. आणि मनुका? त्या पद्मावहिनीच भिजवतात, नि वेदश्री शेजारी उभी राहून ढवळते.

आता उठण्याआधी एक मागणं आहे, तेवढं पदरात घाला. पुढच्या वेळी ताट तुमच्यापर्यंत येईल, तेव्हा घास तोंडात घालण्यापूर्वी एकदा मागं वळून पाहा. शेवटच्या बाकावर कोणी ते ताट न घेता पुढं सरकवत असेल. तिचं नाव तुम्हांला माहीत नसेल, तिची हकीकत माहीत नसेल. पद्मा म्हणूनच तिची आठवण ठेवा... आणि उठून तिच्या शेजारी जाऊन बसा.