डाव्या वळणावरची गुरगुर

दादाला इंजेक्शनं पोचवायची आणि त्याला बोटीत घालून परत आणायचं, एवढीच आमची मोहीम होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. खाडीच्या पार टोकाला एका बेटावर पक्षी मोजायचं ठाणं आहे, तिथे तो एकटा राहतो. शिंपल्याने कापलेला पाय सुजलाय, लाली मांडीपर्यंत चढलीय, असं त्याने सकाळी वायरलेसवर सांगितलं. आवाज तापाने जड झालेला.

"अंधार पडायच्या आत पहिलं इंजेक्शन गेलं पाहिजे," दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर पायाचं मी काही सांगू शकत नाही."

निघालो! बोटीवर तिघंच. चाकावर वहिनी, दादाची बायको. बर्फाच्या डब्यावर बसून औषधं राखायला सिस्टर. आणि इंजिनापाशी मी. गोदीत मला 'कानसेन' म्हणतात, कारण नुसत्या आवाजावरून मी इंजिनाचं दुखणं सांगतो. आणि ते खरं ठरतं, बरं का!

"भावोजी, डावीकडे वळताना गुरगुरतंय," वहिनी म्हणाल्या.

हे त्या दोन महिने म्हणत होत्या. "अहो वहिनी, दर महिन्याला ग्रीस मारतो मी! इतकं गच्च भरलंय की पंप दाबवत नाही."

वहिनींनी चाक वळवलं. खारफुटीतून वाट अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंनी चिखलात रुतलेली मुळं, वर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे, आणि आमच्या लाटेने दचकून उड्या मारणारे मासे. पहिल्या वळणाला गुरगुर. दुसऱ्याला खरखर. चौथ्या वळणाला मागून अशी किंकाळी उठली की सिस्टरनी बसल्या जागी डबा दोन्ही हातांनी धरला!

"बंद करा!" मी ओरडलो.

आमच्या बोटीचं इंजिन आत, आणि पंख्याचा जड पाय मागे पाण्यात. दोघांना जोडणारा दांडा मागच्या भिंतीतल्या भोकातून जातो, एका बेअरिंगवर फिरत. ते बेअरिंग मरत होतं. असंच रेटलं असतं तर दांडा तुटला असता आणि भोकातून खाडी आत आली असती.

"बदलायचं तर मागचा पाय उतरवायला लागेल. कोरड्यात," मी म्हणालो. "पण नवं बेअरिंग आणू कुठून?"

वहिनींनी बाकाखालून एक खोका काढून माझ्या हातात ठेवला. "दोन महिन्यांपूर्वीच आणलंय. कान मलाही आहेत."

मी मान खाली घालून खोका उघडला.

ओहोटी लागली होती. वहिनींनी एक वाळूचा बांध हेरला आणि बोट शांतपणे त्यावर नेऊन टेकवली. तासाभरात पाणी सरलं, मागची बाजू उघडी पडली. भरती फिरून भोकाशी यायला तीन तास होते.

कामाला लागलो. सहा नट सोडले. पाय फळ्यांवर ओढून घेतला. तिघांच्या पाठी मोडल्या, पण उतरला एकदाचा! मग भोकात पुलरचा, म्हणजे बेअरिंग उपसायच्या अवजाराचा, हूक अडकवला आणि त्याच्या दांडीवरचं सरकतं वजन मागे आपटलं. धाड! धाड! दहाव्या दणक्याला बेअरिंग सुटून वाळूत पडलं.

उचलून पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. गोळ्या गंजून लाल, ग्रीसचा टिपूस नाही. एकदम कोरडं!

बेअरिंगच्या कड्याला एक भोक असतं, आणि ते बसतं त्या घराच्या भिंतीतही एक. दोन्ही समोरासमोर आली तरच ग्रीस आत जातं. मागच्या वर्षी ते बसवलं होतं मी, गाणं गुणगुणत, गप्पा हाणत. भोक दुसऱ्याच बाजूला राहिलं होतं. ग्रीस आत जाईना, आणि पंप दाबवत नाही म्हणून मी मिरवत होतो!

"वहिनी," मी म्हणालो. लाजेने कान तापले होते. "चूक माझी आहे. दादा तिकडे तापाने फणफणतोय आणि आपण इथे अडकलोय, ते माझ्यामुळे."

वहिनींनी ते कोरडं बेअरिंग हातात फिरवलं. "रडायचं ते परत गेल्यावर. आता नीट बसवा."

नवं बेअरिंग औषधांच्या डब्यात, बर्फावर ठेवलं. गारठलं की ते केसभर आकसतं आणि बसायला सोपं जातं. सिस्टरनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग इंजेक्शनं एका कडेला सरकवून स्वतःच जागा करून दिली. त्यांच्याच निळ्या मार्करने मी दोन्ही भोकांसमोर रेघा मारल्या. गार बेअरिंग घरात ठेवलं आणि ठोकायला घेतलं.

पाणी परतलं. घोट्यापर्यंत आलं.

बेअरिंग अर्धं आत गेलं आणि मला रेघ दिसली. बोटभर सरकलेली!

"आज पोचवेल का हे असं?" वहिनींनी विचारलं.

"आज पोचवेल. पण दादाला घेऊन परत येताना भरवसा नाही."

वहिनींनी पाण्याकडे पाहिलं. "काढा मग."

पुलरने हलक्या हाताने ओढलं. आलं बाहेर. पुन्हा बर्फात! पाणी गुडघ्याला लागलं. सिस्टर भोकाखाली हात धरून पाणी किती खाली आहे ते मोजत होत्या, "आठ बोटं... सात..." या खेपेला मी एकेक ठोका देत होतो, दर ठोक्याला रेघ बघत होतो. गाणं नाही, गप्पा नाहीत.

टक्! बसलं. रेघेला रेघ!

ग्रीसचा पंप दाबला. अगदी लोण्यासारखा दबला, आणि गोळ्यांच्या फटीतून हिरवं ग्रीस डोकावलं. मी आनंदाने आरोळीच ठोकली!

"चार बोटं!" सिस्टर ओरडल्या.

सरळ सळई घालून बेअरिंग आणि इंजिन एका रेषेत आणलं. सळई काढून पाय उचलला. दांडा आत शिरेना!

"सिस्टर, पंखा फिरवा! हळू!"

त्यांनी फिरवला. दांड्याचे दात इंजिनाच्या दातांत बसले आणि सगळा पाय सपकन भिंतीला भिडला. एक नट. दोन. सहाव्या नटाला पाण्याने भोकाची जागा झाकली, आणि आत थेंबही आला नाही. थोड्या वेळाने बोट आपोआप वाळूवरून उचलली गेली.

पुढची सगळी वळणं वहिनींनी भरधाव घेतली. डावीकडे वळताना नुसता पाण्याचा आवाज.

ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं तेव्हा ठाण्यावर पोचून सिस्टरनी दादाच्या दंडात सुई टोचली. पायाकडे बघून म्हणाल्या, "वेळेत आलो." मला भरून आलं, लपवलं नाही.

डोळे मिटूनच दादा पुटपुटला, "येताना ऐकत होतो. बोट किती छान वाजत होती, गुरगुर गेली. नवं बेअरिंग कोणी बसवलं?"

वहिनी त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. "भावोजींनीच," त्या म्हणाल्या. बाकीचं सांगायचं माझ्यावर सोडलं होतं.

मी खिशातून ते गंजकं बेअरिंग काढलं आणि दादाच्या उशाशी ठेवलं. "हेही मीच बसवलं होतं, दादा," मी म्हणालो, आणि पहिल्यापासून सगळं सांगायला बसलो.