लाल वळणांचं मडकं

जुलैतल्या एका शनिवारी वाळवंटातल्या चँडलर शहरावर धुळीचं वादळ चालून आलं, आणि हेलनच्या दुकानाचं दार ढकलून एक तरुण आत शिरला. केस धुळीनं माखलेले, छातीशी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी.

"बाळ आहे का?" गिरिजानं घाबरून इंग्रजीत विचारलं.

"मडकं," तो गडबडून मराठीतच म्हणाला.

ती हसली, आणि मराठीतच म्हणाली, "मग बसा. मडक्यांचंच दुकान आहे."

गिरिजा इथे सिरॅमिक्समध्ये पीएचडी करत होती. शनिवारी हेलनकडे यायची आणि संग्राहकांसाठी जुन्या भांड्यांची माहिती लिहायची. हा परीक्षित, नागपूरचा, कॉम्प्युटर चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. शेजारच्या वॉल्टर आजोबांना तो वर्षभर हॉस्पिटलमध्ये नेत-आणत होता. तरुणपणी ते हवाई दलात असताना थायलंडला होते, तिथून त्यांनी हे मडकं आणलेलं. वसंतात ते गेले, आणि जाताना मडकं परीक्षितला देऊन गेले.

गिरिजानं गोधडी सोडली. फिकट पिवळसर अंगावर लाल रेषांची वळणं… गरगरत जाणारी.

"थायलंडमधल्या बान चियांगचं," ती हळूच म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वीचं असावं. आत हात घाला… इथे. लागला खळगा? घडवणाऱ्याचं बोट आहे ते."

त्या खळग्यात आधी त्याचं बोट गेलं, मग दाखवता दाखवता तिचं. बाहेर वादळ कधी ओसरलं, कळलंच नाही.

मग तो दर शनिवारी येऊ लागला.

"धुतलं तर चालेल?"

"नाही."

"त्याच्याशी बोललं तर?"

"ऐकणारं दुसरं कुणी नसेल तर… चालेल."

"आहे ना. पण फक्त शनिवारी भेटते."

गिरिजा मान खाली घालून कार्डावर काहीतरी खरडत राही. आठवडाभर लॅबमध्ये भट्टीसमोर बसली, की तिला तेच वाक्य आठवे.

ऑगस्टअखेर हेलनला ते मडकं विकत घेणारा एक संग्राहक मिळाला. परीक्षितनं हेलनसमोरच विचारलं, "गिरिजा, तू काय करशील?"

हेलन बघत होती. गोलमोल उत्तर देता आलं असतं. पण तो इतक्या विश्वासानं पाहत होता, की तिला ते जमेना.

"ही मडकी मेलेल्या माणसाजवळ ठेवलेली असतात," ती म्हणाली. "लोकांनी थडगी उकरून काढलीत. मी थायलंडला परत पाठवीन."

हेलननं तिच्याकडची दुकानाची किल्ली परत मागायला हात पुढे केला.

"माझ्यामुळे झालं हे सगळं," पार्किंगमध्ये परीक्षित म्हणाला.

"बोलले मी. तुझ्यामुळे कसं?" ती म्हणाली.

त्यानं लॉस एंजेलिसच्या थाई कॉन्सुलेटला पत्र लिहिलं. उत्तर आल्यावर सप्टेंबरात दोघं निघाले. ती ड्राइव्ह करत होती. वाळवंटातल्या त्या सहा तासांत त्यानं मडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. कॉन्सुलेटमधल्या बाईंनी दोन्ही हातांनी ते घेतलं, आणि सगळ्यात आधी त्या मडक्याला वाकून नमस्कार केला. परीक्षितचे डोळे भरून आले. गिरिजानं ते पाहिलं, आणि आपण याच्यात किती गुंतलोय ते तिला नीट कळलं.

परतताना वाटेतल्या ब्लाइद गावात पेट्रोलसाठी थांबले. ऊन कलत होतं.

"गिरिजा… मला पार पूर्वेकडे, अल्फारेटाला नवी नोकरी मिळाली आहे. एक तारखेला जॉइन व्हायचंय."

"कधी कळलं?"

"तीन आठवडे झाले."

"आणि इतके दिवस बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर आजची ट्रिप निरोपाची झाली असती. मला ती… नुसती तुझ्याबरोबरची हवी होती."

ती दूरच्या डोंगरांकडे बघत राहिली. थांब म्हणावं, असं ओठांवर आलं. पण नोकरीवरच ज्याचा व्हिसा टिकून आहे, त्या माणसाला थांब म्हणणं किती अवघड, हे तिला माहीत होतं.

"माझ्या थीसिसला अजून दोन वर्षं आहेत, परीक्षित."

"माहितीये."

"मी अर्धवट टाकून येणार नाही."

"टाकलीस तर मला आवडणारही नाही."

"मग दोन वर्षं काय करणार आहेस?"

"रोज फोन. तू उचलशील का, एवढंच विचारायचं होतं."

तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "उचलीन," ती म्हणाली. "पण तू गेलास की मला फार जड जाईल. ते आत्ताच सांगून ठेवते."

घरी पोचायला अजून अडीच तास होते. त्या रस्त्यावर गिरिजानं पहिल्यांदाच गाडी मुद्दाम हळू चालवली.