ऐनाच्या बुंध्यावरचे काळे पट्टे

फाल्गुनातल्या एका दुपारी म्हातारा सुकऱ्या वेवजीच्या फॉरेस्ट बंगल्याच्या पायरीशी आला, तेव्हा कुसुमबाईंचं सगळं लक्ष पाळण्यात होतं. बाळाला ताप होता. सुकऱ्या म्हणत होता, गवत कापणाऱ्या माणसांनी कांबळ्या डोंगराखालची जाळरेषा साफ केलेली नाही, पाचोळा तसाच आहे आणि तिथेच ते चुली मांडतात, साहेबांना सांगा. जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून जंगलाच्या कडेने मोकळी ठेवलेली पट्टी. कुसुमबाई म्हणाल्या, "सांगते हं." आणि विसरल्या.

आठवडा उलटायच्या आत डोंगर पेटला.

मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पाड्यावरचे लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. सुकऱ्याचा मोह नेमका डोंगराच्या पायथ्याशी. झालं, सगळ्यांची बोटं त्याच्याकडे वळली. सरकारने वर्षाच्या बोलीवर दिलेला त्याचा भाताचा तुकडा त्याने यंदाचं पीक काढून सोडून द्यायचा, असं ठरलं. त्या दुपारचं कुसुमबाईंना आता लख्ख आठवत होतं. पण आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळासुद्धा सरला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांची भाची वेणू नरपडहून आली. बरोबर तिच्या वर्गातला भिकू होता, चिंचणीच्या बंदरावरचा. त्याचा रामामामा गणपतीनंतर इथे लाकडाच्या ठेकेदाराकडे कामाला लागला होता, म्हणून आईने मामासाठी सुकटाची पिशवी देऊन त्याला धाडलं होतं.

"एसटीत सगळे माझ्याकडेच बघत होते," वेणू तक्रार करत होती. "पिशवी याची आणि नाक मुरडलं माझ्याकडे बघून."

"मग तुझ्या चिकूंच्या टोपलीवर का नाही ठेवू दिलीस? वास तरी झाकला असता."

पाळण्याची दोरी ओढत बसलेली जिवली खुदकन हसली. ती सुकऱ्याची नात. बाळाला झोपवायला रोज येई. आईबाप नसलेली ही पोर आज्याजवळच वाढली होती.

तिघांनी डोंगरावर जायचा बेत केला. आगीनंतर तिथे गुरं न्यायला आणि कुऱ्हाड लावायला बंदी होती, बघायला नव्हती. कुसुमबाईंच्या अटी मात्र संपेनात. चपला घालायच्या, बिळात काठी घालायची नाही, ओढ्यापलीकडे जायचं नाही, जेवायच्या आत परत यायचं. "आणि श्वास घ्यायचा का, मावशी?" वेणूने विचारलं. त्यांना हसू आलं नाही. मुलं वळणाआड जाईपर्यंत त्या पायरीवर उभ्या होत्या.

डोंगर जळून मेला असेल असं वेणूला वाटलं होतं. तसं नव्हतं. सागाच्या काळ्या खुंटांतून नवे धुमारे वर आले होते आणि त्यांची पानं सुपाएवढी होती. कोळसा झालेल्या ओंडक्यावर अळंब्या होत्या. कमरेएवढं गवत वाऱ्यावर डुलत होतं. जिवली पुढे होऊन सगळं दाखवत होती, घरात नवं आलेलं वासरू दाखवावं तसं.

ओढ्याजवळ ऐनाचे मोठे वृक्ष होते. आग त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती, असं जिवली सांगत होती, आणि सांगता सांगता थांबली. एका ऐनाच्या बुंध्याला काळा पट्टा होता. पलीकडच्याला होता. त्याच्याही पलीकडच्याला.

भिकूने बुंध्यावर हात फिरवला. तळवा काळाकुट्ट झाला. इतका पाऊस पडून गेल्यावर जुनी काजळी हाताला लागेल कशी? वेणू खाली वाकली. झाडाभोवतीचं गवत करपलं होतं. "हे गवत पावसात उगवलंय," ती हळूच म्हणाली. "म्हणजे आग त्यानंतरची."

"आणि आग काय झाडाला फेर धरून नाचली? चहूबाजूंनी सारखा पट्टा?" जिवलीने विचारलं.

भिकूची नजर खाली गेली. पायाशी नारळाच्या झावळीचा अर्धवट जळलेला देठ पडला होता. त्या डोंगरावर काय, आसपासच्या पाड्यांतही नारळ नव्हता. त्याने तो देठ उचलून खिशात घातला.

धावतपळत तिघं बंगल्यावर आली आणि जिवली आत बाळाच्या पाळण्याशी गेली. व्हरांड्यात काका, म्हणजे कुसुमबाईंचे यजमान आणि इथले फॉरेस्ट साहेब, ठेकेदाराच्या मुकादमाशी बोलत होते. जळून मेलेली झाडं तोडायचा ठेका दिलेला होता. पाडव्यानंतर मोठे साहेब येऊन अशा झाडांवर शिक्का मारणार होते. वेणूने दम न खाता सगळं सांगून टाकलं, ओढ्याजवळचे ऐन कोणीतरी आता आता जाळलेत म्हणून. तिला वाटलं, शाबासकी मिळेल.

मुकादम शांतपणे पान लावत म्हणाला, "म्हातारा पुन्हा तेच करतोय, साहेब. तिथे फिरताना पाहिलाय मी त्याला."

काकांचा चेहरा कठोर झाला. आता नुसता जमिनीचा तुकडा काढून भागणार नाही, पोलिसांत द्यावं लागेल, असं ते म्हणाले. आत पाळण्याची दोरी थांबली. जिवली मागच्या दाराने निघून गेली.

वेणूला त्या दिवशी जेवण गेलं नाही. "मी बोलले नसते तर बरं झालं असतं," ती भिकूला म्हणाली. त्याने खिशातला देठ बाहेर काढला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "उद्या ओढ्यावर जाऊ. जिवलीलाही बोलाव."

दुसऱ्या दिवशी तिघं करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसली. मुंग्या चावत होत्या, हलायची सोय नव्हती. ऊन चढल्यावर एक माणूस झावळ्यांचा जुडगा घेऊन आला. त्याने तो पेटवला, ऐनाच्या बुंध्याभोवती सावकाश फिरवला, मधूनच तळवा लाकडावर टेकवून धग पाहिली. होडी किनाऱ्यावर ओढून घेतली की कीड मारायला तिच्या तळाला असाच शेक देतात. तसा एकसारखा शेक देणारा हात चिंचणीत एकच होता, आणि भिकूने तो लहानपणापासून पाहिला होता.

तो जाळीतून बाहेर आला. "मामा."

रामा दचकला. "तू काय करतोस इथे?"

"तूच सांग. होडीला शेक देतोस तो ती जगावी म्हणून ना? हे झाड तर मरेल."

"झाडंच ती, भिकू. जळकी दिसली की तोडायला मिळतात, मुकादमाने सांगितलं. श्रावणात माझी होडी खडकावर फुटली, तेव्हा कोण आलं होतं विचारायला?"

"नाव जिवलीच्या आज्याचं घेतायत, मामा. पोलीस येणार आहेत."

रामाने जाळीकडे पाहिलं. जिवली उभी होती. रडत नव्हती, नुसती बघत होती. त्याने जुडगा ओढ्यात बुडवला आणि मुलांच्या पुढे होऊन उतार उतरायला लागला.

बंगल्यावर त्याने काही लपवलं नाही. काका थक्क झाले, मुकादमाला बोलवायला माणूस धाडला. पण मग म्हणाले, "हे ऐन तू जाळलेस. फाल्गुनातली आग मात्र सुकऱ्याचीच. त्याचा तुकडा जाणार, त्याला इलाज नाही."

तेव्हा कुसुमबाई बाळाला कडेवर घेऊन दारात आल्या.

"सुकऱ्या आधीच सांगून गेला होता," त्या म्हणाल्या. "जाळरेषेवर पाचोळा आहे, गवतवाले तिथे चुली पेटवतात म्हणून. मला सांगून गेला. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"आणि आज सांगतेस?"

"या पोराने सख्ख्या मामाला समोर आणलं. मला तर फक्त माझंच नाव घ्यायचं होतं."

पाडव्यानंतर मोठे साहेब आले. ओढ्याजवळच्या एकाही ऐनावर त्यांनी शिक्का मारला नाही, ठेका रद्द केला, सुकऱ्याचा तुकडा त्याच्याकडेच ठेवला. "अशी नजर माझ्या गार्डांना असती तर!" म्हणत त्यांनी तिन्ही मुलांच्या पाठीवर थाप दिली. काकांनीही दिली. भिकू कसंनुसं हसला. मामाचं काम सुटलं होतं. तो कोणाच्या तरी होडीवर खलाशी म्हणून परत गेला होता, जाताना भाच्याशी बोलला नव्हता. सुकटाची पिशवी तेवढी घेऊन गेला. आणि शेक बसलेले ऐन वाचले नाहीत. होळीपर्यंत त्यांची पानं गेली ती परत आली नाहीत.

मोठे साहेब येऊन गेले त्याच आठवड्यात कुसुमबाई सुकऱ्याच्या खळ्यावर गेल्या होत्या. तो भात झोडत होता. त्यांचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "एकदा सांगून गेलो, बाय. परत याया पायजे होता मी." आणि पुन्हा झोडायला लागला. याहून काही बोलला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

जिवली आता तळासरीला बोर्डिंगात राहून शिकते. सुकऱ्या झोपडीत एकटा असतो. दुखलं खुपलं तर तो एकदाच सांगतो, तेही हळू. तेव्हा मुलांनो, सुट्टीत वेवजीकडे गेलात तर कांबळ्या डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या दारात जा. बरा आहेस का विचारलंत तर तो हो म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. चूल पेटलेली आहे का, मडक्यात पाणी आहे का, आत जाऊन स्वतः बघा.