नकाशावरची अर्जुनी

गोंदियाच्या फलाटावर त्यांची आणि माझी टक्कर झाली — अगदी खरीखुरी टक्कर.

श्रावण लागला होता. अर्जुनी मोरगावची छोटी गाडी नेहमीसारखीच उशिरा पोचली. बारीक झड सुरू होती. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या हातात छत्री सावरत मी घाईनं उतरले, आणि समोरून एक उंच माणूस काखेत लांबलचक गुंडाळलेला नकाशा घेऊन आला. नकाशाचं टोक माझ्या छत्रीत अडकलं, त्यांच्या हातातला डबा सुटला आणि रंगीत डोक्यांच्या टाचण्या ओल्या फलाटावर चौफेर पसरल्या.

"अरे बाप रे! कुणाच्या पायात रुततील," म्हणत ते गुडघ्यावर बसले. मीही बसले. दोघं वेचू लागलो. एक टाचणी माझ्या बोटात शिरली आणि मी "आई गं" म्हणाले, तशी त्यांनी झटकन खिशातला रुमाल पुढे केला.

"लागलं का?"

"नाही... थोडंसंच."

"कुठं जाणार?"

"बिडी कंपनीत. आज पहिला दिवस आहे माझा." घाबरले की मी फार बोलते, तशी बोलत सुटले. "तिथं एक नवीन साहेब आले आहेत म्हणे, नागपूरहून. सगळं उलटंपालटं करून राहिले म्हणतात. लोक लई भितात त्यांना."

"असं? कसा आहे म्हणे तो?"

"चष्मा लावतो म्हणे. आणि कधी हसत नाही."

त्या माणसानं सावकाश डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि माझ्याकडे बघून असा हसला, की मला वाटलं, फलाट दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

"जागेश्वर रहांगडाले," ते म्हणाले. "अन् तुम्ही?"

"प्रेमिला पटले," मी कसंबसं म्हणाले. रुमाल परत द्यायचं भानच राहिलं नाही.

सत्तावन्न साल होतं ते. आमचा भंडारा जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या आणि आमची कंपनीही बदलत होती. गावोगावी तिच्या शाखा होत्या. मुनीम बायांना तेंदूपत्ता आणि तंबाखू मोजून द्यायचा, वळलेल्या बिड्या परत घ्यायचा. आतापर्यंत शाखेचा हिशेब दिवाळीला एकदाच गोंदियाला यायचा. तोवर कुठं पाला कुजतोय आणि कुठं पाल्यावाचून बाया रिकाम्या बसल्यात, हे कुणालाच कळायचं नाही. जागेश्वरजींनी नवीन पद्धत काढली. दर संध्याकाळी प्रत्येक मुनिमानं पोस्टकार्ड टाकायचं — पाला किती दिला, बिड्या किती आल्या, खराब म्हणून किती छाटल्या, बाया किती आल्या. ती कार्डं वाचायची, मोठ्या तक्त्यावर उतरवायची आणि नकाशावर टाचण्या लावायच्या, हे माझं काम. लाल टाचणी म्हणजे मागे पडलेली शाखा, पिवळी म्हणजे मधली, हिरवी म्हणजे पुढे गेलेली.

कचेरीत मी एकटीच बाई. पहिले काही दिवस सगळे माझ्याकडे चोरून बघायचे. जागेश्वरजी मात्र उघड बघायचे — आणि मग एकदम नकाशाकडे बघायचे.

"ती टाचणी देवरीच्या जंगलात लागली, प्रेमिलाबाई."

"तुमचं लक्ष होतं वाटतं?"

"नकाशावर होतं."

"नकाशा तर तुमच्या पाठीमागे आहे..."

कान लाल झाले त्यांचे. बिरसीजवळच्या धानकऱ्याचा हा मुलगा, नागपूरला शिकून साहेब झालेला. पण लाजला की अस्सल झाडीपट्टीतला व्हायचा. "कामं करा बाप्पा, कायले गोष्टी करून राहिल्या!" म्हणायचा आणि पळायचा.

पोळा झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोळ्याच्या तारखेची कार्डं आली आणि मी हातातली लेखणी खाली ठेवली. अर्जुनीच्या कार्डावर नेहमीइतक्याच बाया, नेहमीइतक्याच बिड्या. पोळ्याच्या दिवशी! त्या दिवशी आमच्या गावात कुणी बिड्यांच्या सुपाला हात लावत नाही. मी मागची कार्डं काढली. अर्जुनीचीच नाहीत, बऱ्याच शाखांची कार्डं दिवसामागून दिवस सारखीच होती. लोक कालचं कार्ड बघून आजचं लिहीत होते.

अर्जुनीच्या कार्डावरचं ते वळणदार अक्षर मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथले मुनीम केशोराव पटले — माझे बाबा.

मी कार्डं घेऊन सरळ जागेश्वरजींच्या टेबलाशी गेले.

"हे आकडे खोटे आहेत. आणि अर्जुनीचं कार्ड माझ्या बाबांचं आहे."

त्यांनी कार्ड पाहिलं, मला पाहिलं. बाहेर कौलांवरून पाणी ओघळत होतं.

"खोटं काऊन लिहितात?"

"भितात म्हणून."

"कोणाले?"

"तुम्हाला. तुम्ही नोटीस छापली, भिंतीला चिकटवली, आणि झालं. आकडे कशाला पाहिजेत, त्यांचं काय करणार, कुणाला सांगितलंत का? बाबा म्हणतात, आम्ही कार्ड टाकतो ते विहिरीत टाकल्यासारखं. तिकडून काही येतच नाही."

ते उठून खिडकीशी गेले. माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तुम्हाला सांगायला नको खरं तर, पण सांगतो. शेठजींना तळच्या शाखा बंद करायच्या आहेत. दिवाळीपर्यंत मी नावं द्यायची. खरे आकडे आले तर अर्जुनी..."

"अर्जुनी तळाला जाईल."

"हो."

बाबांना भ्यायचं कारण होतं तर! आणि मीच माझ्या हातानं... "म्हणजे मी खरं सांगितलं, त्याची ही शिक्षा?"

ते वळले. चष्म्यामागचे डोळे ओले होते की नुसतीच काच धुरकटली होती, कळलं नाही.

"रविवारी मला अर्जुनीला न्याल?" त्यांनी विचारलं. "नोटीस नाही आणणार. मीच येतो."

गोंदियात मी जिच्याकडे राहायचे ती आत्या सोबत आली. छोट्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली, ते समोर. आत्या मधूनमधून पेंगत होती. पेंगत नसेल तेव्हा त्यांना निरखत होती. खिडकीबाहेर धानाच्या हिरव्यागार बांध्या, त्यांत उभं पाणी, कमरेतून वाकून निंदण करणाऱ्या बाया. थंड वारा सुटला तेव्हा त्यांनी उठून माझ्या बाजूची खिडकी लावली आणि आत्यानं नेमका तेव्हाच डोळा उघडला.

शाखेच्या ओसरीत मोजक्याच बाया होत्या. मांडीवर सुपं, हातात पाला कापायच्या कैच्या. साहेब आला म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या. बाबा उठून उभे राहिले. रागानं की शरमेनं, त्यांचा चेहरा काळवंडला होता.

जागेश्वरजींनी खुर्ची नाकारली. ते बायांसमोर खालीच बसले.

"कार्डं मीच लिहितो खोटी," बाबा आधीच बोलून गेले. "जलमभर एका बिडीचा फरक पडू देला नाई मी. पण खरं लिहू त ह्या बायांचं काम जाते. नोकरीवरून काढायचं असल त मले काढा."

"कोणालाच काढायला नाही आलो, केशोरावजी."

मग रुख्मा बोलली. ती त्यांच्यातली सगळ्यात धीट. "आमी कमी वळल्या त ब्रांच बंद करान का? सांगून टाका न साहेब, भेव त जाईल."

ते सहज खोटं बोलू शकले असते.

"माहीत नाही बाई," ते म्हणाले. "बंद करायचं चाललं आहे, हे खरं आहे. ते होऊ नये म्हणून काय करता येईल, ते विचारायला आलो."

मग एक म्हातारी म्हणाली, "खरं त बोलते हा पोरगा," आणि बायांना वाचा फुटली. धानाच्या रोवण्यात आणि कटणी-कापणीत हात शेतात असतात. पाला पावसात भिजून येतो आणि मग बिड्या छाटल्या जातात. धान घरात आलं की मग बघा, दिवसभर वळतो. जागेश्वरजी सगळं ऐकत होते, मध्येच आपल्या मायच्या रोवण्याची गोष्ट सांगून त्यांना हसवत होते.

परतीच्या गाडीत मला एक उपाय सुचला. "आपण अर्जुनीला गोंदियाशेजारी उभं करून मोजतो," मी म्हणाले. "शहरातल्या बायांना शेत कुठं आहे? अर्जुनीला अर्जुनीशीच मोजा — पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली, दोन्ही धरून. कटणीच्या दिवसांत इथला पाला शहराच्या शाखांना द्या आणि नंतर इथं जास्त पाठवा. बंद कशाला करायची?"

ते पुढे झुकून ऐकू लागले.

"आणि दर आठवड्याला आपणही कार्ड टाकायचं," मी पुढं रेटलं. "तुम्ही हे कळवलं, म्हणून आम्ही हे केलं. पाला भिजका आला म्हणालात — बदलून पाठवला. असं."

"प्रेमिलाबाई, तुम्ही..." ते म्हणाले.

"डोक्शानं तेज आहे आमची पोरगी," डोळे मिटूनच आत्या म्हणाली.

कंपनीचे मालक नंदलाल शेठ मात्र इतक्या सहज मानणारे नव्हते. गादीवर रेलून त्यांनी सगळं ऐकलं आणि हात झटकला. "ये सब ठीक है, रहांगडाले. लेकिन मुझे बंद होनेवाली शाखाओं के नाम चाहिए."

"नावं मी देणार नाही, शेठजी. वर्षाचं चक्र पुरतं न बघता दिली, तर ते आकडे नुसते असून नसल्यासारखे. द्यायचीच असतील तर दुसऱ्या कुणाकडून घ्या. मी राजीनामा लिहितो."

मी दारात उभी होते. शेठजी कधी जागेश्वरजींकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले.

"होली तक," शेवटी ते म्हणाले. "उसके बाद मैं किसी की नहीं सुनूँगा."

तो हिवाळा मी विसरणार नाही. परतीची कार्डं मी लिहायची, ते सही करायचे. सुरुवातीला मुनिमांचा विश्वास बसेना. मग आमगावला पाला खरंच बदलून गेला, देवरीला तंबाखूची पोती वेळेवर पोचली, आणि हळूहळू कार्डांवरचे आकडे वेगवेगळे दिसू लागले — कधी कमी, कधी जास्त, जिवंत माणसांसारखे. एका कार्डाच्या कोपऱ्यात कुणी लिहिलं होतं, 'आज मुनिमाच्या घरी नातू झाला, म्हणून बिड्या कमी.' आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि हसता हसता आमचे हात टेबलावर एकमेकांना लागले. दोघांनीही ते काढले नाहीत... निदान लगेच नाही.

कटणी संपली. माघात अर्जुनीची टाचणी लालची पिवळी झाली, आणि होळीच्या आधी हिरवी. शेठजी स्वतः नकाशासमोर येऊन उभे राहिले, मिशीत हसले आणि म्हणाले, "कोई बंद नहीं होगी."

ती बातमी कार्डानं नाही पाठवली. आम्हीच गेलो. ओसरी बायांनी गच्च भरली होती. रुख्मानं ऐकल्या ऐकल्या शेजारणीला मिठी मारली, आणि बाबा डोळ्यांत धूळ गेल्यासारखं दाखवत उपरण्यानं डोळे पुसत राहिले. माझी आई देवकाबाई लगबगीनं चहा करायला घरी गेली.

जागेश्वरजींनी मला तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधावर, बोलावलं. पळसाला बहर आला होता. पाण्यावरून ऊन लखलखत होतं.

"शेठजी मला रायपूरला पाठवतायत. तिथलं नवीन ऑफिस उभारायला."

"अभिनंदन," मी म्हणाले. आवाज कुणा दुसरीचाच वाटला.

"मी अजून हो म्हटलं नाही. आधी एक विचारायचं होतं... तिथं आकडे वाचायला कोणी..."

"कारकून पाहिजे का?"

"नाई!" ते एकदम म्हणाले. "कारकून कायले पाहिजे? तू पाहिजे, प्रेमिला. फलाटावर बोट धरून 'आई गं' म्हणालीस ना, तेव्हापासून माझं लक्ष नकाशावर कधी नव्हतंच."

वाऱ्यानं पळसाची दोन फुलं आमच्या पायाशी आणून टाकली. मी खाली बघत म्हणाले, "मी काम सोडणार नाही."

"सोडू नकोस. माझी चूक तोंडावर कोण सांगेल मग?"

"आणि बाबांना तुम्ही विचारायचं. नोटीस चिकटवायची नाही."

ते इतके हसले, की पाळीवरचे बगळे उडाले. मग तसेच तरातरा ओसरीकडे निघाले. मला मागून धावावं लागलं. बाबांसमोर पोचताच मात्र त्यांची सगळी साहेबी गळाली. "केशोरावजी... म्हणजे मी... प्रेमिलाबाईंच्या बाबतीत... माझी माय येईल रीतीनं, पण त्याआधी..."

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "मले कायले विचारून राहिले? तिले विचारलं का?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

ते थबकले. माझ्याकडे वळून बघितलं. गोंधळून गेले होते बिचारे. "काम सोडणार नाही म्हणाली. तुम्हाला विचारा म्हणाली. पण... हो असं काही म्हणाली नाही."

ओसरीतल्या सगळ्या कैच्या थांबल्या. रुख्मा मान वर करून बघू लागली. चहाची किटली घेऊन आई दारातच उभी राहिली. खरंच की — अटी घालण्याच्या नादात मी मुख्य गोष्ट बोललेच नव्हते.

गाल तापले होते, बोटं पदराशी चाळा करत होती. पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"हो," मी म्हणाले.