नीट बांधून ठेव

"पेटी हलकी लागतेय," शंकासुर स्टुलावरून म्हणाला, "आणि मी काही एका रात्रीत पैलवान झालेलो नाही."

शंकासुर म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. शंका काढल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे, म्हणून घरादारात त्याचं हेच नाव पडलं होतं. खाली ताई स्टूल धरून उभी होती. शेजारची भोंगा, जिची कुजबुज तिसऱ्या घरात ऐकू जायची, कपडा घेऊन पेटी पुसायला सज्ज होती. आणि दोघींच्या मध्ये टिल्लू, घरातलं शेंडेफळ, माळ्याकडे मान वर करून आ वासून उभा होता.

आज टिल्लूचा दिवस होता. बाबांकडे त्यांच्या लहानपणची झंझावाताची कॉमिक्स होती, पत्र्याच्या पेटीत जपलेली. झंझावात म्हणजे वाऱ्यावर उडणारा, पाठीवर लाल झगा मिरवणारा महावीर. बाबा ती वाचायला बसले की घराचं नाट्यगृह व्हायचं. दुष्ट डॉक्टर हसला की शेजारचे लोक खिडकीतून डोकावायचे, आणि झंझावात उडाला की बाबांचा चष्मा तरी पडायचा नाहीतर पाण्याचा तांब्या तरी. ताईने ते सगळे अंक बाबांच्या मांडीला टेकून ऐकले होते, नंतर शंकासुराने. टिल्लूने मात्र रांगत्या वयात एका अंकाचा कोपरा चावून खाल्ला होता. तेव्हापासून त्याला फक्त मुखपृष्ठं बघायची परवानगी होती. शाळेत जायला लागलास की पहिल्यापासून वाचू, असं बाबांनी कबूल केलं होतं. टिल्लूची पहिलीवहिली सुट्टी सुरू झाली होती, बाबा आज परगावच्या कामावरून परतायचे होते, आणि संध्याकाळी पहिला अंक उघडायचा होता.

पेटी खाली आली. झाकण उघडलं. आत डांबरगोळ्या होत्या, बाकी काही नव्हतं.

भोंगासुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा. टिल्लूने पेटीत हात घालून तळ चाचपला आणि हळूच विचारलं, "मी मोठा होईपर्यंत संपली का ती?"

त्याच्या आवाजाने ताईला एकदम रडू यायला लागलं. पण रडत बसली तर ती ताई कसली! तिने नाक पुसलं आणि तपास सुरू केला.

पेटीवर धूळ नव्हती, म्हणजे कुणीतरी ती नुकतीच उतरवली होती. आई तर सकाळीच दवाखान्यात कामाला गेली होती, आणि माळ्याकडे बघायचंही ती टाळायची. उरले काका. बाबांचे धाकटे भाऊ. मन सोन्यासारखं, पण काम सांगावं एक आणि करून यावं भलतंच, अशी त्यांची ख्याती. ताईने त्यांना फोन लावला तर तो त्यांच्याच खोलीत उशीखाली वाजायला लागला. फोन विसरून काका बाहेर गेले होते. मात्र त्यांच्या टेबलावर चकचकीत रेक्झिनचे तीन तुकडे पडले होते, लाल, निळा आणि हिरवा. भोंगाला वाटलं, काका नवी बॅग शिवून घेताहेत. शंकासुराने शंका काढली की बॅगेला एवढं पातळ रेक्झिन कोण वापरेल? तुकडा नाकाशी नेऊन तो म्हणाला, शाळेच्या वाचनालयातल्या जाड पुस्तकांना असाच वास येतो.

ताईने लगेच बाबांना फोन करून रिकाम्या पेटीचं आणि रेक्झिनचं सांगितलं. बाबा बसमध्ये होते. आपण काकांना काय सांगून निघालो, ते त्यांनी आठवून आठवून सांगितलं. पेटीत अंक इकडेतिकडे सरकून दुमडतात, म्हणून ते नीट बांधून ठेव, एवढंच. नीट म्हणजे सुतळीने! बोलता बोलता बाबा थांबले. मग घाईघाईने म्हणाले, "ताई, काकांनी ते पुस्तकासारखे बांधायला टाकलेत! बाइंडरकडे पळा. त्याला कडा कापू देऊ नका. काहीही करा, मी येईपर्यंत..." आणि फोन कटला.

चौघांनी धूम ठोकली. छापखान्यामागच्या गल्लीत बाइंडरचं दुकान होतं. एक लांबट खोली, पुठ्ठ्यांच्या थप्प्या, खळीचं भांडं, आणि मधोमध कापायचं यंत्र. यंत्राखाली अंकांचा गठ्ठा चाक फिरवून घट्ट दाबलेला होता आणि बाइंडरचा हात दांड्यावर होता. पातं खाली यायचं काय ते बाकी होतं.

"थांबा!" भोंगा ओरडली. बाइंडरच्या हातातून दांडा सुटलाच म्हणायचा. तिच्या आवाजाचा जन्मात पहिल्यांदा काही उपयोग झाला.

ताईने धापा टाकत सगळं सांगितलं. जुनी कॉमिक्स, चित्रं पार कडेपर्यंत छापलेली, कडा कापल्या तर कुणाचं नाक जाईल, कुणाचं वाक्य. बाइंडर मुळीच बधला नाही. ज्याने काम दिलं तो येऊन नको म्हणेल तर ठीक, पोराटोरांच्या सांगण्यावर दुकान चालवायला तो मोकळा नव्हता. शिवाय कडा सारख्या केल्याशिवाय त्याच्या दुकानातून पुस्तक बाहेर जात नसे. त्याने पुन्हा दांडा धरला. बाबांचा फोन लागत नव्हता आणि काकांचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात टिल्लू वाकून गठ्ठ्याकडे बघत म्हणाला, "हा वर कसा? याच्यात झग्याला चार ठिगळं आहेत. दोनवाला आधी येतो ना?"

अंकांवर नंबर नव्हते. पण झंझावाताचा झगा प्रत्येक लढाईत फाटायचा आणि त्याची आई दर वेळी त्यावर एक ठिगळ लावायची. टिल्लूला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, पण वर्षानुवर्षं नुसती मुखपृष्ठं बघून बघून ठिगळं त्याला पाठ झाली होती. ताईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने अगदी गरीब चेहरा केला.

"मग बांधाच तुम्ही," ती बाइंडरला म्हणाली. "फक्त यात दुष्ट डॉक्टर आधी तुरुंगात जाईल आणि मग चोरी करेल. लोक विचारतील, कुणी बांधलं हे?"

हा बाण बरोबर लागला. फार पूर्वी बाइंडरने एका कादंबरीचा शेवट सुरुवातीला बांधला होता आणि त्यावरून गल्लीत अजून त्याची टिंगल व्हायची. त्याचा चेहरा पडला. मुकाट्याने चाक उलटं फिरवून त्याने गठ्ठा सोडवला, टेबलावर ठेवला आणि पटापट लावा म्हणाला.

पटापट! मुलं कसली पटापट लावतायत. भोंगाने चहाच्या डागाला ठिगळ म्हणून भांडण काढलं. शंकासुराने तर त्या दिवशी शंकांचं दुकानच उघडलं, झग्याची मागची बाजू दिसत नाही मग तिथे ठिगळ नसेल कशावरून? टिल्लू एकेक अंक हातात घेऊन चित्रावरून मनाची गोष्ट रचत होता. ती खऱ्या गोष्टीच्या आसपासही नव्हती, पण सांगणं मात्र हुबेहूब बाबांचं होतं, हातवारे आणि हसण्यासकट. ताईला त्याचं फार कौतुक वाटलं. खळ ढवळता ढवळता बाइंडर हळूहळू टेबलाजवळ सरकला. पूल पडला तर गाडीतल्या माणसांचं काय झालं, असं त्याने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

सगळ्यात शेवटचा अंक ताईने मुद्दाम उघडला. त्यात चार घड्यांचं लांबलचक पान होतं. ते टेबलभर पसरलं आणि खोलीत झंझावात उडाला. खाली छपरं, वर ढग, आणि पुढे काढलेली मूठ थेट कागदाच्या कडेला टेकलेली. शंकासुरालाही काही विचारावंसं वाटलं नाही. बाइंडर बराच वेळ बघत राहिला. मग पातं जिथे पडलं असतं तिथे त्याने अंगठा ठेवला. अंगठ्याखाली अख्खी मूठ झाकली गेली.

"ही गेली असती माझ्या हातून," तो म्हणाला, आणि त्याने यंत्राच्या दांड्याला खीळ घातली.

बाबा आले तेव्हा बॅग अजून त्यांच्या खांद्यालाच होती. मागोमाग काका आले. वाटेत भेटल्यावर बाबांनी त्यांना खेचतच आणलं होतं. अंक शाबूत बघून बाबा मटकन खुर्चीवर बसले. त्यांनी चौघांच्या पाठी थोपटल्या आणि टिल्लूने ठिगळांवरून केलेली करामत ऐकून त्याला उचलूनच घेतलं. आयुष्यभर वाचूनही मला मधल्या अंकांचा क्रम कधी नीट लावता आला नव्हता, असं त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं. कडा न कापता अंकांच्या मापाची पुठ्ठ्याची मजबूत पेटी करून देतो, असं बाइंडर आपणहून म्हणाला, आणि अशी पोरं असतील तर दुकानात कामाला पाठवा, असंही.

काका कोपऱ्यात उभे होते. शंकासुराला राहवलं नाही. चित्रं पार कडेपर्यंत आहेत, ही घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट तुम्हालाच कशी माहीत नाही, असं त्याने विचारलं. काका रागावले नाहीत.

"मला वाटलं, सोनेरी अक्षरांत नाव घालून घेऊ, दादा खूश होईल," ते म्हणाले. "आत काय आहे ते कसं कळणार? त्यानं मला कधी हात लावू दिला नाही. मी लहान होतो ना."

बाबांनी टिल्लूला खाली ठेवलं, सगळे अंक उचलून काकांच्या हातात दिले आणि घरापर्यंत तूच घेऊन चल म्हणाले.

संध्याकाळी खाटा भिंतीला सरकवल्या, सतरंजी पसरली. टिल्लू हक्काने बाबांच्या डाव्या मांडीला चिकटून बसला. उजवीकडे नेहमीप्रमाणे ताई बसायला गेली, तर बाबा म्हणाले, ती जागा आज काकांची. काका नको नको म्हणत आले आणि अवघडून बसले. बाबांनी घसा साफ केला, पहिला अंक उघडला आणि झंझावात उडाला. ताईला सगळं पाठ होतं, म्हणून ती पानांऐवजी चेहरे बघत होती. पूल मधोमध तुटला, बाबांनी मुद्दाम पान उलटायचं थांबवलं. टिल्लू श्वास रोखून बसला होता.

"मग?" काकांनी विचारलं. "दादा, पुढे काय झालं? सांग ना!"